टायरला नक्षी आहे, एबीएस आहे, तरी पावसात गाडी सरळ का गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या चाकांवर ओढणारी छोटी कार, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं फिरायची थांबून घसरू नयेत यासाठीची यंत्रणा) आहे, टायर चार वर्षांचे आणि नक्षी अजून दिसतेय. भुरभुर पाऊस नुकताच सुरू झालेला, स्पीड ६० च्या आसपास, वळण आलं, स्टेअरिंग फिरवलं तर गाडी वळायच्या ऐवजी सरळच जायला लागली, घाबरून ब्रेक मारला तर पॅडल पायाखाली थरथरलं आणि गाडी वळणाबाहेर कच्च्यात जाऊन थांबली. कोणाला लागलं नाही हे वाचून खरंच बरं वाटलं. आता एक मित्र म्हणतोय टायरमधली हवा कमी ठेव म्हणजे पकड वाढेल, दुसरा म्हणतोय दोन नवीन टायर घे आणि पुढे टाक, आणि हिवाळ्यात बर्फाच्या भागात गाडी न्यायची आहे तर तेव्हा काय करायचं हेही विचारलंय.

मी ड्रायव्हिंग शिकवतो आणि त्याच्या आधी बरीच वर्षं टायरचं काम केलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. जरा लांब होईल पण नीट वाचा, कारण दोन्ही मित्रांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी दोन्ही चुकीचे आहेत.

आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ. तुम्ही विचारताय की टायरची पकड वाढवायची कशी. पण त्या वळणावर पकड किती होती आणि ती तुम्ही कशावर खर्च केलीत, हे आधी बघायला पाहिजे. गाडीचं सगळं वजन चार ठिकाणी रस्त्याला टेकतं आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं असतं. गाडी पळवणं, थांबवणं, वळवणं हे सगळं त्या चार तुकड्यांतूनच होतं. एका टायरकडे एका क्षणी जेवढी पकड आहे तेवढीच आहे, ती महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते, वळण्यावर सगळी उडवली तर ब्रेकला काही उरत नाही आणि ब्रेकवर उडवली तर वळायला उरत नाही. कोरड्या रस्त्यावर हा पगार इतका मोठा असतो की आपण हिशोबच ठेवत नाही, ब्रेक दाबत दाबत वळतो आणि काही होत नाही. पावसात तो निम्म्यावर येतो आणि आपली सवय मात्र तीच राहते.

आकड्यात बघा. चांगला कोरडा डांबरी रस्ता असेल तर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण ०.७ ते ०.९, ओल्या रस्त्यावर ०.४ ते ०.६, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ०.१ च्या आसपास. टायर, रस्ता, तापमान यांनुसार हे कमीजास्त होतं. आता समजा तुमच्या वळणाची त्रिज्या ५० मीटर होती (मला माहीत नाही, पण बऱ्यापैकी घट्ट वळण एवढं असू शकतं). ६० च्या स्पीडने ते वळण घ्यायला लागणारी पकड येते ०.५७. कोरड्यात आरामात मिळते, ओल्यात ०.५ असेल तर मिळतच नाही, म्हणजे ब्रेकला हात लावायच्या आधीच खर्च जमेपेक्षा जास्त झालेला. आणि तेच वळण ५० ने घेतलं असतं तर? ०.३९. फक्त १० किलोमीटरचा फरक, पण लागणारी पकड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी, कारण इथे स्पीडचा वर्ग लागतो. म्हणून मी शिकवताना टायरच्या आधी स्पीडवर बोलतो, टायर बदलून पकड थोडी वाढते पण वळणाच्या आधी १० ने स्पीड उतरवला तर मागणीच इतकी कमी होते की साधा टायरही निभावून नेतो.

थांबण्याचंही तसंच. ६० च्या स्पीडला समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी २५ मीटर अशीच जाते. त्यानंतर कोरड्यात सुमारे १८ मीटरमध्ये थांबेल, पण पकड निम्मी झाली की ३५ मीटर लागतील, आणि गोठलेल्या बर्फावर १४० मीटरच्या पुढे. म्हणून पुढच्या गाडीपासून कोरड्यात तीन सेकंदांचं अंतर पुरत असलं तरी पावसात पाच-सहा सेकंद ठेवा. मोजायचं सोपं आहे, पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात मोजायला लागा आणि तुमची गाडी त्याच खांबापाशी पोचेपर्यंत किती सेकंद झाले ते बघा.

आता एबीएसबद्दल, कारण तुमच्या लिहिण्यात एक सूर जाणवला की एबीएस असून गाडी थांबली नाही म्हणजे ते बिघडलं असावं. पॅडल थरथरलं म्हणजे ते चालत होतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही थोडंफार वळता येतं, पण नसलेली पकड ते आणणार कुठून. बरेच जण ती थरथर जाणवली की दचकून पाय उचलतात, हे करू नका. खरंच जीवावर बेतलं तर पॅडल पूर्ण दाबा, दाबून ठेवा आणि जिकडे मोकळी जागा आहे तिकडे बघत स्टेअरिंग फिरवा. एबीएस नसलेल्या गाडीत चाक लॉक झालं की वळणं संपलं, तिथे पाय थोडा ढिला करून चाक फिरू द्यायचं आणि परत दाबायचं. आणि खडी किंवा भुसभुशीत बर्फावर एबीएसने थांबायचं अंतर वाढूही शकतं, कारण लॉक झालेलं चाक समोर खडीचा ढीग गोळा करतं आणि त्याने गाडी अडते, एबीएस तो ढीग होऊ देत नाही.

भुरभुर पाऊस आणि तोही नुकताच सुरू झालेला, हे तुम्ही सहज लिहून गेलात पण माझ्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे. रस्त्यावर तेलाचे थेंब, रबराची भुकटी, धूळ हे सगळं साठलेलं असतं, पहिल्या सरीत त्याचा चिकट राडा होतो आणि तो वाहून जायला पुरेसा पाऊस अजून झालेला नसतो. बऱ्याच दिवसांच्या कोरडीनंतरची पहिली काही मिनिटं, कधी अर्धा तास, हा वेळ धो धो पावसापेक्षाही जास्त घसरडा असू शकतो. लोक मोठ्या पावसाला घाबरून हळू होतात आणि भुरभुरीला काही समजत नाहीत, मी बघतो त्यात घसरण्याचे प्रकार बहुतेक असेच असतात. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, पुलावरचे लोखंडी सांधे, ओली पानं, ट्रॅक्टरने आणलेला चिखल, यांच्यावर वळता वळता ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर नको, सरळ आणि एका लयीत पार करा.

तुमची गाडी पाण्यावर तरंगली का, म्हणजे ज्याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात ते झालं का? मला तसं वाटत नाही. त्यासाठी साठलेलं पाणी आणि जास्त स्पीड दोन्ही लागतं. पण ते कसं होतं हे कळलं की हवेच्या सल्ल्याचा निकाल आपोआप लागतो, म्हणून सांगतो. १७५ मिलिमीटर रुंदीचा टायर, रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी आणि स्पीड ८०, हिशोब केला तर एका टायरच्या वाटेत दर सेकंदाला जवळपास ८ लिटर पाणी येतं. ते खाचांमधून बाजूला गेलं तर रबर रस्त्याला टेकतं, नाही गेलं तर टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते आणि टायर तिच्यावर चढतो. स्टेअरिंग एकदम हलकं वाटतं, पाण्याचा आवाज बदलतो, कधी इंजिनाचे फेरे उगाच वाढतात. तेव्हा ब्रेक नाही, झटका नाही, अ‍ॅक्सिलरेटर सावकाश सोडा, स्टेअरिंग सरळ धरा आणि टायर परत टेकेपर्यंत थांबा. पाऊस जोरात असेल तर पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेले पट्टे दिसतात त्यांच्यावरून चाला, आणि क्रूझ कंट्रोल (गाडीने स्पीड आपोआप कायम ठेवायची सोय) बंद ठेवा, कारण घसरायला लागल्यावर पहिलं काम अ‍ॅक्सिलरेटर सुटणं हे असतं आणि ते तुमच्या पायाच्या हातात राहिलं पाहिजे.

नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून १९६० च्या दशकात एक ढोबळ सूत्र दिलं, त्यात तरंगायचा स्पीड टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३२ पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं एकक) तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २४ ला ८२ च्या आसपास. सूत्र विमानासाठीचं आहे, कारला जसंच्या तसं लागू होत नाही, नक्षी, रुंदी, पाण्याची खोली यांनी बराच फरक पडतो आणि गुळगुळीत रुंद टायर याच्या बराच आधी तरंगू शकतो. पण दिशा स्पष्ट आहे, हवा कमी तर गाडी लवकर तरंगणार. शिवाय हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, भार कडांवर जातो, खाचा मिटतात आणि पाणी मध्ये अडकतं. तुमच्या मित्राने बहुधा वाळूत किंवा खोल चिखलात हवा कमी करतात ते ऐकलं असेल, तिथे ते बरोबरच आहे, कारण स्पीड अगदी कमी असतो आणि टायर रुतू नये म्हणून पसरवायचा असतो. ओल्या डांबरावर ते उलटं काम करतं. दाराच्या चौकटीत किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला दाब ठेवा, टायर थंड असताना, गाडी फारशी चालवायच्या आधी तपासा. थंडी पडली की परत बघा, तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो.

आता टायर. "नक्षी दिसते" एवढ्यावर मला काही सांगता येणार नाही, ती मोजावी लागेल. नवीन कारच्या टायरला साधारण ८ मिलिमीटर खोल खाच असते. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात आणि रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की बऱ्याच देशांत कायद्याने टायर बाद. पण कायद्याची हद्द आणि पावसातली हद्द एक नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की पाणी बाहेर काढायची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून मी तरी ३ ला बदलायला सांगतो, मग टायर गोटा झालेला नसला तरी. दोन्ही कडांना आणि मध्ये असं तिन्हीकडे मोजा, एकाच कडेला जास्त झिजला असेल तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) बिघडलीय, दोन्ही कडांना जास्त असेल तर हवा कमी ठेवून गाडी फिरलीय.

दुसरी गोष्ट वय. टायरच्या बाजूला कंपनीच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ असेल तर २०१९ सालातला २३ वा आठवडा. तुम्ही चार वर्षं म्हणताय ते विकत घेतल्यापासून की बनल्यापासून, हे त्यावरून कळेल. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर लवकर कडक होतं, खाच खोल दिसते पण रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही आणि ओल्या रस्त्यावरची पकड बऱ्याच अंशी तिथूनच येते. बाजूच्या भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी किती उरलीय हे बघत बसू नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे तर अजिबात नको. टायर चमकवायचं पॉलिश लावत असाल तर ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच लागू देऊ नका.

दोनच टायर घ्यायचे असतील तर पुढे की मागे, यावर लोक हमखास वाद घालतात. ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची, ब्रेकचा जास्त भार पुढे, आणि तुमची गाडी घसरलीही पुढून, मग नवीन पुढेच टाकावेत असं वाटणं साहजिक आहे. तरीही नवीन मागे टाका आणि मागचे पुढे आणा. पुढची पकड सुटते तेव्हा गाडी सरळ जाते, स्टेअरिंगमधून ते जाणवतं, आणि माणूस घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो ते नेमकं उपयोगी पडतं, स्पीड उतरतो, वजन पुढे येतं, पुढचे टायर परत धरतात. मागची पकड सुटली तर गाडी फिरते, क्षणात आडवी होते, आणि तेव्हा तोच घाबरून सोडलेला अ‍ॅक्सिलरेटर मागचा भार आणखी हलका करून गाडी जास्त फिरवतो. त्यातून बाहेर काढायला सराव लागतो आणि रोज गाडी चालवणाऱ्या बहुतेकांकडे तो नसतो, त्यात त्यांचा दोष नाही, कोणी शिकवलेलंच नसतं. अर्थात मोजल्यावर चारही ३ च्या खाली निघाले तर चारही बदला, आणि मागचे काढून पुढे आणण्याइतके चांगले नसतील तरी चारही. नवीन टायरवर पहिले २००-३०० किलोमीटर जरा सांभाळून, साच्यातून निघताना वरच्या थरावर राहिलेलं तेलकट जाईपर्यंत पूर्ण पकड येत नाही. पुढे मग ठरावीक अंतराने टायर अदलाबदल करत राहा म्हणजे चारही सारखे झिजतील आणि हा वादच येणार नाही.

त्या दिवशी गाडी सरळ जायला लागली तेव्हा काय करायला हवं होतं? अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग आणखी फिरवायचं नाही, उलट थोडं कमी करायचं आणि पुढचे टायर धरायची वाट बघायची. हे मनाला पटत नाही, गाडी वळत नाहीये आणि हा माणूस स्टेअरिंग कमी करायला सांगतोय असं वाटतं, पण टायर आधीच मर्यादेच्या पलीकडे असतो, आणखी फिरवलं तर तो फक्त आडवा घासत राहतो आणि अचानक धरला तर गाडी झटक्यात आत वळते. मागून घसरली तर मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टेअरिंग, आणि गाडी सरळ व्हायला लागली की लगेच परत मध्ये, नाहीतर उलट्या बाजूला फेकली जाते. दोन्ही वेळा नजर जिकडे जायचंय तिकडे, खांबाकडे बघत राहिलात तर हातही नकळत तिकडेच जातात.

पण हे सगळं शेवटचं हत्यार आहे. रोजची सवय लावायची ती अशी की ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना संपवायचा, मग वळायचं, आणि वळणातून बाहेर निघताना स्टेअरिंग सरळ होत जाईल तसा हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर. एका वेळी टायरकडून एकच काम. कोरड्यात रोज असंच चालवलंत तर पावसात वेगळं काही आठवावं लागत नाही. आणि एखाद्या मोकळ्या, सपाट, जिथे परवानगी आहे अशा जागी, ओलं असताना, ३० च्या स्पीडला एकदा ब्रेक जोरात दाबून एबीएसची थरथर पायाला ओळखीची करून घ्या, आजूबाजूला कोणी नाही हे बघून.

बर्फाचं. तिथे सगळ्यात मोठा फरक टायरच करतो. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघा, नुसतं "एम अधिक एस" (इंग्रजीत चिखल आणि बर्फ यांची आद्याक्षरं) लिहिलेलं पुरेसं नाही. चारही चाकांना लावा, फक्त पुढे लावले तर वर सांगितलेला मागून फिरायचा धोका तुम्ही स्वतः तयार केलात. खाच इथे ४ मिलिमीटरच्या वर हवी. बर्फात पकडीसाठी टायरवर गुंडाळायच्या चेन लागणार असतील तर त्या ओढणाऱ्या चाकांना, म्हणजे तुमच्या गाडीत पुढे, आणि चेनवर स्पीड ५० च्या आत किंवा चेनवर लिहिलेला असेल त्याहून कमी. निघायच्या आधी घरीच एकदा बसवून बघा.

शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. पूल आधी गोठतात, त्यांना खालूनही वारा लागतो. सावलीतला रस्ता नुसता ओला, काळा दिसत असेल पण बाजूच्या गाड्यांच्या चाकांतून पाणी उडत नसेल तर तो गोठलेला आहे असं धरून चाला. सुटताना दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी सावकाश सोडा. आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी कोणी देऊ केली तर एवढं लक्षात ठेवा की ती बर्फातून सुटायला फार चांगली, पण थांबायला आणि वळायला तिच्याकडेही तेच चार तळहाताएवढे तुकडे आहेत. ब्रेक लावून बघेपर्यंत रस्ता किती घसरडा आहे हे तिच्यात कळत नाही, म्हणून मागे कोणी नसताना हळू स्पीडला हलकासा ब्रेक लावून अंदाज घेत जा.

आता लगेच करायचं काम. गाडी कच्च्यात उतरली होती, म्हणजे आधी चारही टायर आतल्या बाजूने सुद्धा बघून घ्या, बाजूच्या भिंतीला फुगा किंवा काप दिसला तर आतले धागे तुटलेत, तो टायर नक्षी कितीही असली तरी बदला. रिमची कड वाकलीय का आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळतंय का तेही बघायला सांगा, शॉक गेला असेल तर चाक खड्ड्यावर उडत राहतं आणि जेवढा वेळ हवेत तेवढा वेळ पकड शून्य. मग अलाइनमेंट. हे झालं की चारही टायरची खोली आणि ते चार आकडे लिहून कळवा, दोन बदलायचे की चार ते मग नक्की सांगतो.